न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग

मागच्या महिन्यात मंडळाच्या ग्रंथालयात जुन्या पुस्तकांची आवराआवर चालू होती. तेव्हा एका सभासद भगिनींनी आम्हाला विचारले की, डॉ. रखमाबाईंबद्दल आपल्याकडे काही आहे का? त्यांच्या नातीला शाळेत सुरतेच्या थोर स्त्रियांवर काही लिहायचे होते. रखमाबाई १८९५ च्या सुमारास सुरतेत आल्या आणि वीस वर्षांहून अधिक काळ येथील स्त्रियांच्या रुग्णालयाच्या प्रमुख होत्या, एवढे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. मुलीला लागणारी माहिती आम्ही जमवून दिली. पण ती जमवताना रखमाबाईंच्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांमध्ये एक नाव वाचले आणि त्यातच अडकून पडलो. ते नाव काशिनाथ त्र्यंबक तेलंग. वकील, काँग्रेसच्या पहिल्या फळीतले पुढारी, मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश, गीतेचे इंग्रजी भाषांतरकार. आणि आयुष्य अवघे त्रेचाळीस वर्षांचे.

रानडे, टिळक, गोखले, आगरकर ही नावे आपल्या घरांत भिंतीवर असतात. तेलंगांचा फोटो मात्र आम्ही कोणाच्या घरी पाहिलेला नाही. म्हणून यावेळचा लेख त्यांच्यावर.

तेलंगांचा जन्म ऑगस्ट १८५० मध्ये मुंबईत, गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. त्र्यंबकराव हे त्यांचे चुलते. त्यांनी काशिनाथांना दत्तक घेतले, म्हणून नावात त्र्यंबक आले. शिक्षण एल्फिन्स्टन हायस्कूल आणि एल्फिन्स्टन कॉलेजात. मॅट्रिक चौदाव्या वर्षाच्या सुमारास, मग बी. ए., एम. ए. आणि एलएल. बी. हे सगळे विशीच्या आसपास संपले. मधल्या काळात शिक्षकीही केली. संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही भाषांवर सारखीच हुकमत, हे त्यांचे वैशिष्ट्य तेव्हापासूनचे.

१८७२ साली ते ॲडव्होकेटची परीक्षा उतरले. ही गोष्ट तशी कोरडी वाटेल, पण तिचे महत्त्व समजून घेतले पाहिजे. त्या काळी मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत, म्हणजे मुंबई शहरातले मोठे दावे जिथे थेट चालत तिथे, विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्यांचे राज्य होते. त्यात बहुतेक इंग्रज. विलायतेला जायला पैसा हवा, शिवाय समुद्र ओलांडल्याबद्दल जातीचा रोष पत्करावा लागे. इथेच राहून ॲडव्होकेटची अवघड परीक्षा देणे ही दुसरी वाट होती. तिने फार थोडे गेले. तेलंग त्यातले एक, आणि पुढे इंग्रज बॅरिस्टरांच्या बरोबरीने त्यांचे नाव झाले. हिंदू कायद्याचा प्रश्न आला की मूळ संस्कृत ग्रंथ उघडून अर्थ सांगू शकणारा वकील कोर्टात विरळाच, त्यामुळे अशा दाव्यांत त्यांना मागणी असे.

वकिली सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी, १८७३ मध्ये, त्यांनी एका मोठ्या जर्मन पंडिताला उत्तर दिले. बर्लिनचे आल्ब्रेख्त वेबर यांनी असे मत मांडले होते की, वाल्मीकीची रामकथा ग्रीकांच्या होमरवरून घेतलेली असावी. सीतेचे हरण आणि लंकेची लढाई म्हणजे हेलनचे हरण आणि ट्रॉयची लढाई, असा त्यांचा रोख होता. आपल्याकडे अशा वेळी दोन प्रकारची माणसे असतात. काही संतापतात, काही साहेब म्हणतो म्हणजे खरेच असेल म्हणून गप्प बसतात. तेवीस वर्षांच्या तेलंगांनी दोन्ही केले नाही. वेबरांचा एकेक पुरावा घेतला, तो कितपत टिकतो ते तपासले, पतंजलीच्या महाभाष्यासारख्या जुन्या ग्रंथांतले दाखले पुढे केले आणि रामायणाचा काळ वेबर म्हणतात त्यापेक्षा मागे न्यावा लागतो असे दाखवले. सारा निबंध वकिलाने कैफियत लिहावी तसा आहे. धर्माभिमानाचा आवेश त्यात शोधून सापडत नाही, आणि आम्हाला वाटते म्हणूनच तो युरोपातल्या विद्वानांनाही विचारात घ्यावा लागला.

गीतेच्या बाबतीतही हेच झाले. लोरिन्झर नावाच्या दुसऱ्या जर्मन अभ्यासकाने गीतेवर बायबलाची छाया असल्याचे म्हटले होते. तेलंगांनी १८७५ मध्ये गीतेचे इंग्रजी पद्य भाषांतर प्रसिद्ध केले आणि प्रस्तावनेत त्या मताचा समाचार घेतला. पुढे मॅक्स म्युलर यांनी पूर्वेकडच्या धर्मग्रंथांची जी प्रचंड माला ऑक्सफर्डहून काढली, तिचा आठवा खंड तेलंगांचा आहे. १८८२ चा हा खंड, त्यात गीता, सनत्सुजातीय आणि अनुगीता यांचे गद्य भाषांतर आहे. ही माला जवळजवळ सगळी युरोपीय विद्वानांनी भरलेली. तीत मुंबईच्या एका चालू वकिलाचे नाव दिसते, याचा आम्हाला आजही अचंबा वाटतो. शिवाय भर्तृहरीची नीती आणि वैराग्य ही दोन शतके व विशाखदत्ताचे मुद्राराक्षस यांच्या त्यांनी काढलेल्या आवृत्त्या आहेतच. दिवसा कोर्ट, संध्याकाळी सभा, आणि मग हे काम कधी करीत असतील कोण जाणे.

आता थोडे आमच्या आवडीच्या विषयाकडे वळतो. वाचकांनी बँकवाल्याची खोड म्हणून सोडून द्यावे.

१८७७ साली तेलंगांनी मुंबईच्या ससून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये खुला व्यापार आणि संरक्षण या विषयावर व्याख्यान दिले. त्या वेळी विलायती कापडावर आपल्याकडे पाच टक्के आयात जकात होती. पाच टक्के म्हणजे काही मोठी भिंत नव्हे, पण मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना तीही खुपत होती. मुंबईत गिरण्यांचे भोंगे नुकते कुठे वाजू लागले होते. जकात काढा, खुला व्यापार हे अर्थशास्त्राचे तत्त्व आहे, असा त्यांचा धोशा चालला होता. आपल्याकडची शिकलेली मंडळी कॉलेजात खुल्या व्यापाराचीच पुस्तके वाचून बाहेर पडलेली, त्यामुळे त्यांनाही ते पटे. तेलंगांनी भर सभेत उलट बाजू घेतली. इंग्लंडला जे तत्त्व लागू पडते ते तिथले उद्योग उभे राहून मोठे झाल्यावर लागू पडते. जिथे उद्योग अजून रांगतो आहे तिथे काही काळ आधार द्यावा लागतो, आणि खुद्द मिलसारख्या खुल्या व्यापाराच्या कैवाऱ्यानेही नव्या उद्योगापुरती ही सवड ठेवली आहे, हे त्यांनी दाखवून दिले. बी. कॉम.ला आम्ही हाच मुद्दा बालोद्योग संरक्षण या नावाने चार मार्कांच्या टिपेसाठी पाठ केला होता. सुरतेच्याच मातीत शिकत असूनही तो कोणी इथल्या कापडाच्या संदर्भात सांगितला नव्हता.

व्याख्यानाने जकात वाचली नाही. १८७९ मध्ये जाड्याभरड्या मालावरची आणि १८८२ मध्ये उरलेली जकात गेली. पुढे तर १८९६ मध्ये देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसवली गेली, ती १९२६ पर्यंत पुरती निघाली नाही. ते पाहायला तेलंग नव्हते.

राजकारणात ते शिरले ते अशा प्रश्नांतून. मिठाचा कर, जमीन महसूल, मग १८८३ चे इल्बर्ट बिल. हिंदी न्यायाधीशाने युरोपीय आरोपीचा खटला चालवावा की नाही, यावर त्या वर्षी गोऱ्यांनी देशभर गदारोळ केला होता. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये एप्रिलमध्ये त्याला उत्तर देणारी सभा झाली. तीत फिरोजशहा मेहता, बद्रुद्दीन तय्यबजी आणि तेलंग बोलले. एक पारशी, एक मुसलमान, एक हिंदू. या तिघांची जोडी मुंबईत पुढे कित्येक वर्षे गाजली. जानेवारी १८८५ मध्ये त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेसचे पहिले अधिवेशन मुंबईत भरले. ते खरे पुण्यात व्हायचे होते, पण तिथे कॉलऱ्याची साथ आल्याने ऐन वेळी गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात हलवावे लागले. बहात्तर प्रतिनिधी जमले होते. कायदे कौन्सिलांत लोकांनी निवडलेले सभासद घ्यावेत, हा ठराव तेलंगांनी मांडला. आपण सुरतवासी काँग्रेस म्हटले की १९०७ आणि उडालेला जोडा आठवतो. त्याआधी बावीस वर्षे ती संस्था किती शांतपणे, वकिली कागदपत्रांच्या भाषेत सुरू झाली होती, हे तेलंगांसारख्यांकडे पाहिल्यावर कळते.

सरकारचाही त्यांच्यावर विश्वास होता. १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगावर ते सभासद होते. आयोगाने कॉलेजांसाठी नीतिशिक्षणाचे एक पाठ्यपुस्तक तयार करावे अशी शिफारस केली, तिला तेलंगांनी स्वतंत्र टिपण लिहून विरोध केला. नीती पुस्तकाने शिकवता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. सरकारने नेमलेल्या समितीवर बसून वेगळे मत नोंदवणे सोपे नसते. आम्ही आमच्या नोकरीत कितीतरी समित्यांवर बसलो, वेगळे मत किती वेळा लेखी दिले ते मोजायला एका हाताची बोटेही जास्त होतील. १८८४ पासून ते मुंबईच्या कायदे कौन्सिलातही होते.

आता रखमाबाईंकडे. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले, पण त्या आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच राहिल्या, शिकल्या. १८८४ मध्ये दादाजींनी बायको नांदायला यावी म्हणून हायकोर्टात दावा लावला. रखमाबाईंनी साफ नकार दिला. ज्या लग्नाला माझी समजून उमजून संमती नव्हती ते माझ्यावर बंधनकारक नाही, हा त्यांचा पवित्रा त्या काळात बॉम्बगोळाच होता. सप्टेंबर १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. दोघांचा संसार कधी सुरूच झालेला नाही, तेव्हा तो पुन्हा सुरू करा असा हुकूम कायद्याने देता येत नाही, हा त्याचा आधार. दादाजींनी अपील केले. सरन्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट आणि न्या. बेली यांनी १८८६ मध्ये तो निकाल फिरवला, आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग, असा हुकूम केला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करते म्हणून कळवले. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला.

या खटल्यात रखमाबाईंची बाजू मांडणाऱ्या वकिलांत तेलंग होते. नुसती फी घेऊन उभे राहणे निराळे. मुंबईतल्या प्रतिष्ठित हिंदू घरातला, काँग्रेसचा पुढारी असा माणूस त्या बाजूला दिसणे, हे जातभाईंच्या डोळ्यांवर येणारे होते. बहुतेक मराठी वर्तमानपत्रे तेव्हा रखमाबाईंवर तुटून पडली होती.

इथपर्यंतची कथा सरळ आहे. पण याच तेलंगांनी स्वतःच्या मुलीचे लग्न लहानपणीच, तेव्हाच्या रूढ वयात लावून दिले.

घरच्या मंडळींच्या आग्रहापुढे ते नमले, असे सांगतात. सुधारकांनी त्यांना बोल लावले, सनातन्यांना तर आयतेच कोलीत मिळाले. त्यातच १८८६ च्या फेब्रुवारीत त्यांनी एक व्याख्यान दिले होते, सामाजिक सुधारणा राजकीय सुधारणेच्या आधी झालीच पाहिजे का, या प्रश्नावर. उत्तर होते, नाही. जिथे विरोध कमी तिथून पुढे सरकावे, असा त्यांचा युक्तिवाद. राजकारणात सरकारशी भांडायला सगळे एकत्र येतात, घरातल्या रूढीशी भांडायला कोणी येत नाही, तेव्हा एकासाठी दुसरे अडवून ठेवू नये. युक्तिवाद म्हणून तो मजबूत आहे. पण ज्याने स्वतःच्या घरात हार खाल्ली त्याच्या तोंडी तो लोकांना सोयीचा वाटणारच.

आम्ही यावर बराच विचार केला. तेलंगांना दोषमुक्त करण्याचा अधिकार आम्हाला नाही, आणि त्या मुलीच्या वतीने बोलणारे तर तेव्हाही कोणी नव्हते. मोठा माणूस म्हणून ही गोष्ट झाकावी असेही आम्हाला वाटत नाही. आमच्या स्वतःच्या घरात, या गोष्टीनंतर ऐंशी वर्षांनी, मोठ्या बहिणीचे शिक्षण आजीच्या हट्टापायी मॅट्रिकला थांबले. वडील पुरोगामी विचारांचे, आगरकर वाचणारे. आजीपुढे ते एक शब्द बोलले नाहीत. बहिणीने कधी तक्रार केली नाही, पण आमच्या मुलीच्या पदवीदानाला ती आली तेव्हा सबंध कार्यक्रमभर तिने तो पदवीचा कागद हातातून खाली ठेवला नाही. तेलंगांच्या मुलीच्या लग्नाबद्दल वाचताना आम्हाला वडील आठवले.

रानड्यांचेही असेच होते, हे वाचकांना माहीत आहे. विधवाविवाहाचा कैवारी, आणि पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या शब्दाखातर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न. फरक एवढाच की रमाबाईंनी पुढे आठवणी लिहिल्या, त्यामुळे ती बाजू आपल्याला कळली. तेलंगांच्या घरातून असे काही आपल्यापर्यंत आले नाही. एक मात्र नोंदवले पाहिजे. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला, मुलीचे वय दहावरून बारा करणारा, आणि त्यावर महाराष्ट्रात रण माजले, तेव्हा न्यायाधीशाच्या खुर्चीवर असूनही तेलंग कायद्याच्या बाजूने राहिले.

ती खुर्ची त्यांना १८८९ मध्ये मिळाली. मुंबई हायकोर्टाचे पहिले हिंदी न्यायाधीश नानाभाई हरिदास, गुजराती गृहस्थ, त्या वर्षी वारले आणि त्यांच्या जागी तेलंग आले. वय एकोणचाळीस. वकिलीचे मोठे उत्पन्न सोडावे लागले, काँग्रेसही सोडावी लागली.

न्यायाधीश म्हणून त्यांच्या एका निकालाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. अप्पाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी हा पूर्णपीठापुढचा खटला. प्रश्न असा की, बाप आपल्या भावांबरोबर एकत्र कुटुंबात आहे आणि त्याला वाटणी नको आहे, तर मुलगा बापाच्या हयातीत, त्याच्या संमतीशिवाय वाटणी मागू शकतो का? सरन्यायाधीश सार्जंट आणि बहुमत म्हणाले, नाही. तेलंगांनी वेगळा निकाल लिहिला. मिताक्षरेप्रमाणे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मापासून असतो. तो बापाच्या बरोबरीचा असेल तर मागण्याचा अधिकार बापाच्या मर्जीवर कसा ठेवता येईल? मूळ वचने आणि टीकाकार यांचा धांडोळा घेऊन त्यांनी हे मत मांडले. मद्रास, अलाहाबादकडे मुलाचा हा हक्क मान्य झाला, मुंबई इलाख्यात मात्र बहुमताचाच कायदा राहिला, आणि सुरत तेव्हा मुंबई इलाख्यातच. सार्जंटांच्या कोर्टात रखमाबाईंचा निकाल फिरला होता, तिथेच आता त्यांच्या शेजारी बसून तेलंग कुटुंबातल्या धाकट्याच्या हक्कासाठी एकटे पडले, याची आम्हाला गंमत वाटते.

ज्यांनी बँकेत कर्जखाते सांभाळले आहे त्यांना या प्रश्नाचे वजन कळेल. एकत्र कुटुंबाची मिळकत तारण घेताना कर्त्याची सही पुरत नाही म्हणून आम्ही सज्ञान मुलांना बोलावून सह्या घेत असू. वराछाकडचे एक वृद्ध व्यापारी दर वेळी रागावत. मी जिवंत असताना पोरांना कशाला विचारता, असा त्यांचा प्रश्न असे. पोरे मान खाली घालून सही करीत. कायद्याच्या पुस्तकात त्या पोरांच्या बाजूने एका मराठी न्यायाधीशाने पानेच्या पाने लिहून ठेवली आहेत, हे तेव्हा आम्हालाही ठाऊक नव्हते.

इतक्या कामात त्यांनी मराठीही सोडली नाही. लेसिंगच्या जर्मन नाटकाचे शहाणा नेथन हे मराठी रूप त्यांचे. यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान यांनी एकमेकांना कसे समजून घ्यावे, हा त्या नाटकाचा विषय. स्थानिक राज्यव्यवस्थेवर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिले. मराठी बखरींतून तेव्हाच्या समाजस्थितीबद्दल काय कळते यावरचा त्यांचा निबंध रानड्यांनी आपल्या मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील ग्रंथाला जोडला. पेशव्यांच्या दरबारात जातिधर्माचे नियम कागदावर काय होते आणि व्यवहारात किती वाकत, हे त्यात फार मजेने आले आहे. आम्हाला त्यांचे सगळ्यात आवडलेले लिखाण हेच.

१८९२ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, त्या जागेवरचे पहिले हिंदी. त्याच वर्षी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्षपदही आले. पण प्रकृती ढासळली होती. १ सप्टेंबर १८९३ रोजी ते गेले. हायकोर्टातली त्यांची जागा रानड्यांना मिळाली. रानडे त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठे होते.

रखमाबाई तेव्हा विलायतेत डॉक्टरकीच्या शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यात होत्या. त्या परत येऊन सुरतेच्या रुग्णालयात रुजू झाल्या तेव्हा तेलंगांना जाऊन दोनेक वर्षे झाली होती. १९१७ च्या सुमारास त्या राजकोटला गेल्या.

आपल्या सभासदांपैकी काही घराणी सुरतेत चार-पाच पिढ्यांपासून आहेत. कोणाच्या पणजीचे बाळंतपण रखमाबाईंच्या हातून झाल्याची आठवण घरात सांगितली जात असेल, एखादा कागद किंवा फोटो असेल, तर मंडळाच्या कार्यालयात जरूर कळवावे. त्या सभासद भगिनींच्या नातीची वही अजून पुरी व्हायची आहे.